रसगाठीचं डोहाळजेवण

जाचकांच्या घरी डोहाळजेवण होतं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, पाच सवाष्णी, सगळं साग्रसंगीत. पोटात मूल मात्र नव्हतं. सुनेच्या, रेणुकाच्या, यकृतात एक गाठ वाढत होती आणि बायका गाठीचे डोहाळे पुरवत होत्या. शी!

गाठ कर्करोगाची नव्हे, साधी. म्हाताऱ्या माणसाच्या पेशी तरुण यकृतात लावायच्या. तिथल्या रक्तावर त्या पोसतात, गाठ धरतात आणि तारुण्य टिकवणारा रस सोडतात. मग ते रक्त काढायचं, रस गाळायचा आणि म्हाताऱ्याला टोचायचा. अशा गाठीला म्हणायचं रसगाठ. सत्तरीचं यकृत ती पोसू शकत नाही, म्हणून घरोघरी सुना जुंपलेल्या. रेणुकाच्या सासूबाईंचे, कमलिनीबाईंचे, केस काळेभोर झाले होते. इकडे गाठ जठरावर दाबायची आणि रेणुकाला दोन घास जायचे नाहीत.

पंचपक्वान्नांच्या ताटावरच तिला भडाभडा उलटी झाली.

"अगं बाई, लक्षण चांगलं आहे हो!" एक सवाष्ण म्हणाली.

रेणुका तशीच उठली आणि रिक्षा करून डॉ. चौगुलेबाईंच्या दवाखान्यात गेली.

"बाई, ही गाठ नको मला. कापावं लागेल?"

"छे गं! फासळ्यांमधून एक सुई घालायची. सोनोग्राफीत बघत टोक गाठीत न्यायचं आणि तापवायचं. अंडं उकडल्यावर घट्ट होतं ना, तशी गाठ जागच्या जागी शिजते. मग शरीरच ती हळूहळू जिरवतं."

मागोमाग कमलिनीबाई ओटीचा नारळ घेऊनच आल्या. "माझ्या पेशी आहेत त्या! मला जाळताय तुम्ही!"

"पेशी तुमच्या असतील, यकृत तिचं आहे. व्हा बाहेर."

सुई तापली, पडद्यावर बुडबुडे उठले. सुनेच्या पोटात सासूचं मांस शिजत होतं.

काही आठवड्यांनी रेणुका तपासायला आली. गाठ निम्म्यावर आली होती. दोन-दोन भाकऱ्या खाते म्हणाली, गालही भरले होते. डॉक्टरांना फार बरं वाटलं. सोबत आणलेल्या आपल्या शाळकरी मुलीला रेणुकाने बाहेर बसायला सांगितलं.

"बाई, माझ्या पेशी आत्ताच काढून ठेवता येतील का? ही अठराची झाली की लावू."

डॉक्टरांनी हातातला रिपोर्ट खाली ठेवला.

"हिला माझ्यासारखा त्रास नाही हं होऊ द्यायचा," रेणुका मायेने म्हणाली. "गाठ जरा दुखायला लागली की जाळायची आणि नवी लावायची. तुमची सुई आहेच की आता."