आखूड कप्पा

लखमाची क्लॅरिनेट ठेवायची लाकडी पेटी त्या पावसाळ्यात वाळवीने खाल्ली, म्हणून पौषात धाकलू म्हशाच्या जत्रेत मऊ पिशवी शोधायला गेला. लखमा त्याचा थोरला भाऊ. दम्याने जाऊन त्याला दोन वर्षं झाली होती. क्लॅरिनेट धाकलूकडे आली, पण भावाचा दम काही आला नाही. हळदीच्या गाण्यात तो मध्येच तुटे. बँडचा मालक जगन याने सांगूनच टाकलं होतं, "खर्डीच्या लग्नात जमलं तं ठीक, नायतं झांजा घे."

घोंगड्यांच्या रांगेशेजारी धोंडीबाई गोधड्या नि पिशव्या मांडून बसली होती. पहिल्या पिशवीत, सोबत आणलेल्या क्लॅरिनेटचे सुटे केलेले पाची तुकडे खडखडले. दुसरी रेक्झिनची; तिच्यात ओल कोंडली असती, नि ओलीने लाकूड तडकतं. ढिगाच्या तळाशी एक निळी पिशवी लागली, जुन्या लुगड्याची, आत कापूस भरलेली. हाताला ऊबदार, जसं कुणी नुकतंच उठून गेलेलं अंथरूण.

"ती नको घेऊस," धोंडीबाई म्हणाली. "माझ्या हातची नाय ती. सकाळी गठडी सोडली, तं आत होती."

"पण मापाची हाय ना?"

"मापाचीच असंल. तेच तं."

तुकडे एकेक करून आपापल्या कप्प्यांत गेले. बँडशी सूर जुळावा म्हणून लखमाने तोंडाजवळचा तुकडा कानशीने घासून नखभर आखूड केला होता. तसा तुकडा दुसऱ्या कुणाच्या क्लॅरिनेटला नव्हता.

कप्पाही नखभर आखूड होता.

घरी रोज वाजवून झालं की धाकलू फडका ओढून नळी कोरडी करी. तरी सकाळी पिशवी उघडावी, तर फुंकायची पत्ती ओली असे, नुकतीच ओठांतून काढल्यासारखी. आपणच नीट पुसत नसू, असं त्याला वाटे. चूक आपलीच असणार, ही त्याची जन्माची खोड.

माघात खर्डीला हळद लागली. धाकलूने डोळे अर्धे मिटून सूर धरला. मांडव, भाताची रिकामी खाचरं, पलीकडचं रान, सारं पाण्याखाली असल्यासारखं हळूहळू डुलत राहिलं. गाणं कधी संपलं, ते त्याला कळलंही नाही.

"लखमादादाच उतरला की रे तुझ्यात! झांजा टळल्या तुझ्या," जगन हसला. मग जरा जवळ आला. "पण काय रे, पयल्यापासून शेवटपर्यंत तू दम घेतलाच नायस. मी बघत होतो."

जेवणं झाल्यावर धाकलू मांडवाच्या सावलीत आडवा झाला. पिशवी शेजारी होती.

निळं कापड हळूच फुगलं. बसलं. पुन्हा फुगलं.

आपल्याच श्वासाने हलत असेल, म्हणून त्याने श्वास रोखला.

पिशवी फुगलेलीच राहिली.

कान वाजू लागले. तरी तो थांबला.

मग आत कुणीतरी सावकाश उसासा सोडला, आणि धाकलूची छाती खाली बसली.