तारेत अडकलेली हजेरी

मीटरचा आकडा जातो, मग हजेरी का जात नाही? वाकीच्या धनगरवाड्यावर महिनाभर हा एकच प्रश्न होता आणि उत्तर द्यायला कुणी डोंगर चढायला तयार नव्हतं.

गोष्ट सन २०४३ ची. वाड्यावर पंधरा घरं, एक शाळा, शाळेत चौदा पोरं. डोंगराच्या आडोशाला मोबाइलची रेंज कधी आलीच नाही, म्हणून चार वर्षांपूर्वी इंटरनेट थेट विजेच्या तारेतूनच आणलं होतं. भिंतीवरच्या प्लगमध्ये एक डबी खोचायची, की झालं काम. त्याच तारेतून प्रत्येक घराचं मीटर आज किती वीज जळली ते रोज आपलं आपण कळवायचं. ते अजूनही बिनचूक कळवत होतं. शाळेची हजेरी मात्र तीस दिवस जात नव्हती.

हजेरी सकाळी अकराच्या आत तारेवरूनच गेली पाहिजे, असा नियम. हुंबे बाईंनी ती कागदावर लिहून पाठवली, तर कागद चालत नाही म्हणून परत आली. मग वरून पत्र आलं. सलग तीस दिवस हजेरी नाही, अर्थात शाळेत मूल नाही. आज अकरापर्यंत हजेरी आली नाही तर शाळा उद्यापासून बंद, पोरांनी सात किलोमीटर खालच्या शाळेत जावं. वाट रानातली, गव्यांची. पहिलीतली पोरं त्या वाटेनं कशी जाणार, हे लिहायचं मात्र पत्र लिहिणाऱ्याला सुचलं नव्हतं. चौदा धडधाकट पोरं समोर बसलेली असताना कुणीतरी लांब बसून म्हणतं, मूल नाही. आता राग येणार नाही तर काय होणार?

बाई सकाळीच तालुक्याला भांडायला गेल्या होत्या. जाताना शाळेचा टॅब निशिगंधा येडगेच्या हातात देऊन गेल्या. निशी सातवीत, शाळेत सगळ्यांत मोठी. साडेनऊपासून तिनं बावीस वेळा हजेरी पाठवून पाहिली आणि बावीस वेळा ती परत आली.

दहा वाजता तारेवरून सरडा आला. सरडा म्हणजे तारा तपासणारा यंत्रमानव. खाली चार चाकं, वर दोन हात, पुढे एक कॅमेरा. तारेवरून सरपटत यायचा म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. शाळेमागच्या डीपीजवळ (गावाला वीज वाटून देणारी खांबावरची मोठी पेटी) तो थांबला आणि शेजारच्या छोट्या राखाडी डब्याचे स्क्रू सोडायला लागला.

"ए, हात काढ," निशी खालून ओरडली.

"नमस्कार. हा जोडडबा काढण्याचा आदेश आहे," सरडा म्हणाला. "आपल्या वस्तीत तीस दिवस इंटरनेटचा वापर शून्य आहे."

"मला आपण-बिपण म्हणू नकोस. वापर शून्य आहे कारण तुमचं इंटरनेट मेलंय. आणि मीटर कसं जिवंत आहे रे? तेवढं बरं चालतं, तुमच्या कामाचं म्हणून."

"रास्त प्रश्न आहे," सरडा म्हणाला आणि त्याचा हात थांबला. प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं, अशी त्याची घडणच होती. निशीच्या ते लक्षात आलं. तिनं ठरवलं, याला बोलतं ठेवायचं.

"मग सांग. एका तारेत वीज आणि इंटरनेट दोन्ही कसं मावतं?"

"वीज तारेत हेलकावे खाते. सेकंदाला पन्नास. याला वारंवारता (एका सेकंदात किती हेलकावे) म्हणतात. इंटरनेटचे हेलकावेही त्याच तारेतून जातात, पण ते अगदी बारीक आणि सेकंदाला काही कोटी. जत्रेत ढोल आणि बासरी एकदम वाजली तरी तुला दोन्ही वेगळी ऐकू येतात ना?"

"येतात."

"कारण ढोलाचा सूर खालचा, बासरीचा फार वरचा. घरातली डबी तेच करते. ढोल सोडून देते, फक्त बासरी ऐकते. त्या डबीला मोडेम (तारेतल्या हेलकाव्यांचे शब्द-चित्र करणारं आणि शब्द-चित्रांचे हेलकावे करणारं यंत्र) म्हणतात."

"आणि हा डबा कशाला?"

"डीपीच्या पोटात तारांची वेटोळी आहेत. सावकाश हेलकावे त्यातून पार होतात, वेगवान हेलकावे तिथेच अडतात. म्हणून इंटरनेटला डीपीच्या बगलेनं वाट काढून द्यावी लागते. ती वाट म्हणजे हा डबा."

"म्हणजे तू आमची वाटच उपटायला आलास."

सरड्याचा हात पुन्हा स्क्रूकडे गेला. हा प्रश्न नव्हता.

"मीटर कसं चालतं, ते राहिलं ना?" निशी घाईनं म्हणाली.

"मीटर सावकाश बोलतं. दिवसातून एक आकडा. आवाजात बुडाला तर पुन्हा सांगतं, पुन्हा बुडाला तर पुन्हा. त्याला घाई नाही, त्याचा सूरही वेगळा, बराच खालचा. तुमच्या हजेरीबरोबर चौदा अंगठ्यांच्या ठशांची चित्रं जातात, ती भराभर सांगावी लागतात. मध्ये खरखर आली की तुकडे गळतात आणि सगळंच परत येतं. तुमच्या तारेत खरखर आहे."

"कसली?"

"ऐक." सरड्यानं आपला भोंगा मोठा केला. टक्. खरर्र. टक्. खरर्र. बरोबर सेकंदाला एक.

निशीनं हा आवाज जन्मभर ऐकला होता. रात्री डुकरं आणि दिवसा माकडं नाचणीत घुसू नयेत म्हणून तिच्या वडिलांनी, आबांनी, रानाभोवती तार ओढून झटका मशीन लावलं होतं. सेकंदाला एक झटका, जीव न घेणारा पण पळवून लावणारा. तारेला गवत टेकलं की झटका गवतातून जमिनीत उतरतो आणि ठिणगी उडते, हे तिला ठाऊक होतं. म्हणून दर रविवारी तारेखालचं गवत कापायचं काम असायचं. आणि ते काम निशीचं. एका रविवारी पाऊस होता. दुसऱ्या रविवारी तिला कंटाळा आला. त्यानंतर हजेरीच्या रागात ती विळ्याला शिवलीच नाही, आणि गवत मांडीला लागलं.

तिचे कान तापले. महिनाभर ती ज्याला त्याला शिव्या घालत होती आणि ठिणग्या उडत होत्या तिच्याच रानात.

"ठिणगीत सगळ्या सुरांचा गोंगाट असतो," सरडा सांगत होता. "तुमच्या रानावरूनच विजेची तार जाते, ती हा गोंगाट उचलते."

निशी दोन पावलं पळाली आणि थबकली. एक गोष्ट तिच्या डोक्यात आत्ता शिरली होती. "थांब. हा आवाज तुम्हाला कधीपासून येतोय?"

"तीस दिवस. तशी नोंद आहे. आवाज आहे, वापर नाही."

"तीस दिवस माहीत होतं? मग येऊन विचारलं का नाहीस?"

"विचारण्याचा आदेश नव्हता. काढण्याचा आहे."

"गवत माझं चुकलं. ते मी निस्तरते. पण तुमचं हे काय आहे? माणूस बोललं आणि तुम्हाला ऐकू आलं नाही, तर माणूसच नाही म्हणून मोकळे? डब्याला हात लावलास तर बघ. अकरा वाजायचेत अजून."

"अकरा वाजेपर्यंत आदेश थांबवता येतो," सरडा म्हणाला. "दहा बावीस झाले."

बांध, ओहोळ, चढण. निशी धापा टाकत रानात पोचली. "आबा, मशीन बंद करा. आत्ताच्या आत्ता."

"येडी झालीस व्हय? नाचणी भरलीया. माकडं वाटच बघत्यात."

"शाळा हातची चाललीय आबा. आणि ती माझ्या पायी चाललीय. गवत कापलंच नाही मी."

आबांनी तारेखालच्या गवताकडे पाहिलं, मग लेकीच्या तोंडाकडे. त्यांनी खटका खाली ओढला आणि गोफण घेऊन राखणीच्या माचावर चढले.

ती परत आली तेव्हा दहा चौवेचाळीस झाले होते. पोरं रांगेत उभी होती. एकेक अंगठा टॅबवर टेकत गेला. पहिलीतल्या बिरूचा अंगठा चिखलानं माखलेला. टॅब घेईना. निशीनं त्याचा हात आपल्या ओढणीला खसाखसा पुसला, तसा तो रडायला लागला, पण अंगठा लागला. दहा त्रेपन्नला चौदा अंगठे गेले आणि टॅबवर उत्तर आलं. हजेरी मिळाली. चौदा.

"आदेश रद्द झाला," खांबावरून सरडा म्हणाला आणि सोडलेले स्क्रू पुन्हा आवळायला लागला.

पोरांनी गिल्ला केला. निशीनं मोठ्यांना विळे आणायला सांगितलं आणि बारक्यांना गवत ओढायला लावलं. दुपारपर्यंत तारेखालची पट्टी साफ झाली. आबांनी मशीन चालू केलं. सरड्याच्या भोंग्यात टक् आला तो अगदी पुसट. खरखर गेली होती.

तरी निशीचा राग काही गेला नव्हता. "डोंगरात असे अजून किती वाडे आहेत, जिथं आवाज आहे आणि वापर नाही?"

"सदतीस."

"तिथंही डबे काढणार?"

"आदेश आहेत."

निशीनं टॅब मांडीवर घेतला आणि ऊर्जा कार्यालयाला तक्रार लिहिली. तारेत आवाज असेल तर आधी सरडा पाठवा, लोकांना विचारा, खरखर शोधा. ऐकू येत नाही म्हणजे कुणी नाही, असं परस्पर ठरवायचं नाही. सदतीस वाड्यांवर आमच्यासारखीच पोरं असतील. ती तुम्हाला हाका मारत असतील, नीट ऐका. तिनं पाठव दाबलं आणि तक्रार पहिल्या फटक्यात गेली.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. सदतीसही वाड्यांचे आदेश थांबवले होते आणि सरड्यांना आधी खरखर शोधायला धाडलं होतं. खाली एक रकाना रिकामा होता, तो भरून पाठवायचा होता. तक्रारदाराचा हुद्दा.

निशीनं थोडा विचार केला आणि लिहिलं, 'इयत्ता सातवी, हजर.'