सहा वाजताचा नमस्कार

“एका कॅसेटसाठी पोलीस?” निरीक्षक बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. “साहेब, माझ्याकडे दोन घरफोड्या आणि एक बेपत्ता म्हातारा पडून आहे.”

“तो म्हातारा टीव्हीवर दिसत नाही,” साहेब म्हणाले. “ही वाहिनी सगळं गाव बघतं. शनिवारी त्यांचा चाळिसावा वर्धापनदिन आहे आणि पहिल्या दिवसाच्या प्रसारणाची कॅसेट गायब आहे. आज गुरुवार. निघा.”

बाई निघाल्या. गाडी दोनदा बंद पडली.

वाहिनीच्या इमारतीत शिरताना पहारेकऱ्याने हवालदाराचा जेवणाचा डबासुद्धा उघडायला लावला. “आत येताना एकदा, बाहेर जाताना एकदा. संचालकसाहेबांचीही बॅग बघतो मी,” तो अभिमानाने म्हणाला.

मग त्यांना वीस मिनिटं बसवून ठेवलं गेलं. संचालक मेकअप करत होते.

दिवाणखान्यासारख्या त्या दालनात वर्धापनदिनाचं प्रदर्शन मांडलं होतं. पहिला कॅमेरा. जुना टेलिफोन बोर्ड, आणि त्याच्या शेजारी काचेखाली त्या दिवसाची फोनची वही उघडून ठेवलेली. करायला दुसरं काही नव्हतं म्हणून हवालदार बोट फिरवत मोठ्याने वाचत बसला.

“पाच एकतीस. पाच अडतीस, जाहिरातदार. पाच पंचेचाळीस. पाच बावन्न, हॉस्पिटल, आत निरोप दिला. मग एकदम सहा पंचवीस. ऑपरेटर बाई पण उद्घाटन बघायला पळाल्या असणार!”

“तुम्ही गप्प बसायचं काय घ्याल?” निरीक्षक बाई म्हणाल्या.

भिंतीवर दाराएवढा फोटो होता. टेबलामागे एक हसरी तरुणी, समोर कागद, मागे भिंतीवर घड्याळ. खाली लिहिलं होतं: ‘वाहिनीचा पहिला नमस्कार, सायंकाळी सहा. निवेदिका: आपल्या लाडक्या ताई.’ बाईंनी घड्याळ पाहिलं. फोटोतल्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते, त्यांच्या मनगटावर पावणेतीन. अर्धा दिवस पाण्यात गेला होता.

संचालक आले ते हात पसरूनच. “चाळीस वर्षांचा वारसा हरपला! थांबा, हे मी परत सांगतो. चाळीस वर्षांची—”

“परत सांगू नका. कॅसेट शेवटची कोणी पाहिली?”

“पाहिली कोणीच नाही, हीच तर गंमत. ती चालवणारं मशीन पहिल्याच आठवड्यात बंद पडलं होतं. सोमवारी इंजिनियरकाकांनी ते दुरुस्त केलं. मी लगेच जाहीर केलं की गुरुवारी सकाळी सगळ्यांसमोर कॅसेट लावू आणि शनिवारी गावाला दाखवू. आज डबा उघडला, तर रिकामा.”

“कपाटाच्या किल्ल्या?”

“दोन. एक कॅसेटबाईंकडे, एक माझ्या खणात.”

“खणाला कुलूप?”

“खणाला कशाला कुलूप?”

बाईंनी डोळे मिटून घेतले.

कॅसेटबाई तळमजल्यावर, खिडकी नसलेल्या लांबलचक खोलीत बसत. बासष्टीच्या, सडपातळ, चष्मा गळ्यात लटकवलेला. भोवती छतापर्यंत फळ्या आणि जाड पुस्तकांसारखे नऊ हजार डबे. हवालदाराने टेबलावरची एक उघडी कॅसेट सहज हातात घेतली.

“ठेवा ती!” कॅसेटबाई कडाडल्या. आवाज इतका स्वच्छ, की हवालदाराने कॅसेट ठेवून पायही जुळवले. “धूळ बसली की संपली कॅसेट. एकही बिनडब्याची राहू देत नाही मी इथे.”

“ही मग?” निरीक्षक बाईंनी विचारलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं: २२१७, बालजगत.

“ती… बाद झालीय. टाकायचीय.”

“चोरी कोणाच्या लक्षात आली?”

“माझ्याच. सकाळी.”

“कुलूप फोडलेलं नव्हतं?”

“नव्हतं.”

“तुम्ही इथे पहिल्या दिवसापासून?”

“हो. तेव्हा फोनवर होते. पुढे आवाज नको, शांतता हवी म्हणून इकडे बदली मागून घेतली.”

“त्या संध्याकाळी कुठे होतात?”

“बोर्डावर. अंगणापलीकडच्या खोलीत. तिथे टीव्ही कुठला?”

“त्या कॅसेटमध्ये चोरावं असं काय आहे?”

“काही नाही हो. दोन मिनिटांचं निवेदन आणि मग भाषणं. समोरचा दिवा असा डोळ्यांत घुसायचा की कागदावरचं अक्षर दिसेना. हात थरथरत असले तरी लोकांना ते कळणार नाही, असं दिग्दर्शक म्हणाले होते.” त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “कोणाला काय उपयोग त्याचा?”

निरीक्षक बाईंनी सगळं लिहून घेतलं. डोकं दुखायला लागलं होतं.

इंजिनियरकाका सत्तरीचे. दुरुस्त केलेल्या मशीनवरून ते असा हात फिरवत होते, जणू गोठ्यातली गाय.

“तीन महिने घातले मी यात! आणि आता यात घालायला काही नाही.” ते खरोखर रडकुंडीला आले होते.

“पहिल्या दिवशी तुम्ही स्टुडिओत होतात?”

“छे. टेकडीवर, टॉवरपाशी. डोळे सगळा वेळ मीटरच्या काट्यांवर. आवाज ऐकला तेवढाच. चित्राचं विचारू नका. गावात मोजके टीव्ही आणि त्यावर नुसत्या मुंग्या. स्वतःची आई समोर बसली असती तरी ओळखू आली नसती.”

“स्टुडिओत कोण होतं?”

“जुने दिग्दर्शक आणि कॅमेरामन. दोघंही गेले. आता उरल्या ताई.”

ताई वरच्या मजल्यावर मुलाखतीची तालीम करत होत्या. अडुसष्टीच्या, पण बसणं अजून कॅमेऱ्यासमोरचं. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी दारातून आत येणारा प्रत्येकजण त्यांच्या पाया पडायच्या बेतात असायचा.

“कॅसेट गेल्याचं वाईट वाटलं असेल,” निरीक्षक बाई म्हणाल्या.

“वाटलं की.”

“त्या दोन मिनिटांबद्दल सांगा.”

“सगळ्यांना माहीतच आहे ते.”

“मला नाही.”

“टेबल होतं. फुलं होती. मी नमस्कार म्हटलं.”

“भीती वाटली?”

“नाही. सवयीचं होतं.”

“पहिल्याच दिवशी सवयीचं?”

ताईंनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. “तालीम केली होती. सकाळी.”

जिन्यावर निरीक्षक बाई थांबल्या. “जिला चोरीचं कारण असू शकतं तिच्याकडे किल्ली नाही. जिच्याकडे किल्ली आहे तिला कारण नाही. आणि मधे हा गाढव, ज्याच्या खणाला कुलूप नाही! हवालदार, माझं डोकं फिरायची वेळ आली.”

“घरी जाऊ या मग,” हवालदार आशेने म्हणाला.

“चला खाली. ती वही परत वाचा. आणि या वेळी मी गप्प बसते.”

हवालदाराने वाचलं. बाईंनी फोटोकडे पाहिलं. नंतर आपल्या वहीची दोन पानं उलटली आणि कपाळावर हात मारून घेतला.

पाच वाजता मशीनच्या खोलीत चौघंजण जमले. संचालकांनी कॅमेरा लावायची परवानगी मागितली. निरीक्षक बाईंनी नुसतं पाहिलं, तशी त्यांनी ती मागणी परतही घेतली.

“तुमचा वेळ घेत नाही, माझाही गेलाय पुष्कळ,” बाईंनी सुरुवात केली. “दालनातला तो फोटो संध्याकाळी सहाचा नाही. घड्याळात सव्वाअकरा वाजलेत. तो सकाळच्या तालमीचा आहे. म्हणजे ताई सहा वाजता कॅमेऱ्यासमोर बसल्या होत्या, याचा पुरावा कुठेच नाही. चित्रात मुंग्या होत्या. ज्यांनी पाहिलं ते दोघं हयात नाहीत.”

“म्हणजे ताईंनी चोरली?” संचालक ओरडले.

“मधे बोलू नका. त्या संध्याकाळी दर पाचसात मिनिटांनी फोन येत होते. पाच बावन्नला एक आला आणि ऑपरेटरने निरोप आत दिला. त्यानंतर तेहेतीस मिनिटं एकही नोंद नाही. उद्घाटनाच्या दिवशी! फोन येत असतील, पण घ्यायला माणूस नव्हतं. कॅसेटबाई, तुम्ही म्हणालात की तुम्ही बोर्डावर होतात, टीव्ही नव्हता. कॅसेट तर कोणीच कधी पाहिलेली नाही. मग दिवा डोळ्यांत घुसतो आणि कागद दिसत नाही, हे कळलं कसं? ते घरी बसून पाहणाऱ्यालाही दिसत नाही. खुर्चीत बसणाऱ्यालाच दिसतं.”

कॅसेटबाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला.

“पहिला नमस्कार तुमचा होता. आणि कॅसेटही तुम्हीच लपवली.”

“पण उलटं आहे हे!” इंजिनियरकाका म्हणाले. “लोकांना कळलं असतं तर हिचंच नाव झालं असतं.”

“म्हणूनच माझं डोकं दुखत होतं. असो. दारावर सगळ्यांच्या पिशव्या तपासतात, म्हणजे कॅसेट इमारतीतच आहे. कॅसेट लपवायला कॅसेटच्या डब्यासारखी जागा नाही. पण एका डब्यात दोन मावत नाहीत. एक बाहेर काढावी लागते. एकही कॅसेट उघडी न ठेवणाऱ्या बाईंच्या टेबलावर आज एक उघडी पडली होती.” त्यांनी हवालदाराकडे हात केला.

हवालदाराने काखेतला डबा पुढे ठेवला. बाहेर लिहिलं होतं २२१७. आतल्या कॅसेटवर मात्र फक्त ‘१’.

“कारण एवढंच,” निरीक्षक बाई थकून म्हणाल्या, “की ताईंचा चाळीस वर्षांचा मोठेपणा उघडा पडू नये. त्यासाठी दोन पोलीस, एक गाडी आणि माझा अख्खा दिवस.”

“मोठेपणा नाही हो.”

ताई बोलल्या होत्या. कॅसेटबाईंनी झटकन त्यांचा हात धरला. “ताई, नको. काही गरज नाही.”

“असू दे गं.” ताईंनी हात सोडवला नाही. “तो हॉस्पिटलचा फोन माझ्यासाठी होता. माझी मुलगी तीन महिन्यांची होती. सकाळी नुसता ताप होता, म्हणून आईजवळ ठेवून मी आले होते. ही अंगण ओलांडून धावत सांगायला आली. मी होते तशी निघाले. दिग्दर्शकांनी हिलाच खुर्चीत बसवलं. सहाला तीन मिनिटं कमी होती.”

इंजिनियरकाकांनी मशीनवरचा हात काढून घेतला.

“मी पोचले तेव्हा सहा वाजून गेले होते,” ताई म्हणाल्या. “उशीर झाला होता.”

कॅसेटबाई भिंतीकडे बघत बोलल्या. “कागदावर होतं तसंच वाचलं मी. ‘मी तुमची निवेदिका,’ म्हणून पुढे ताईंचं नाव. दुसऱ्या दिवशी पेपरात तालमीचा फोटो आला. ताई पंधरा दिवसांनी कामावर आल्या, तर रस्त्यावरची माणसं यांचं अभिनंदन करायला लागली. नाही म्हणायचं, तर मग कुठे होतात ते सांगावं लागणार. यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता तेव्हा. दिग्दर्शक म्हणाले, राहू दे. ते राहिलं.” मग त्या एकदम संचालकांवर उसळल्या. “सोमवारपासून तीनदा सांगितलं मी तुम्हाला, कॅसेट खराब असेल, लावू नका! एकदा तरी मान वर करून ऐकलंत? यांना समोर बसवून, सगळ्या गावासमोर लावणार होता तुम्ही!”

संचालकांनी रुमाल काढून चेहऱ्यावरचा मेकअप पुसायला सुरुवात केली.

निरीक्षक बाईंना स्वतःचाच राग आला. सगळा हिशेब बरोबर जुळला होता आणि माणूस तेवढं चुकलं होतं. “माफ करा, ताई,” त्या म्हणाल्या. त्यांना हे शब्द फारसे वापरायची सवय नव्हती.

“काका, लावा ती,” ताई म्हणाल्या. “मी कधी पाहिलीच नाही.”

मशीन खरखरलं. करड्या मुंग्यांतून बावीस वर्षांची एक मुलगी वर आली, डोळे मिचकावत, कागद दोन्ही हातांनी घट्ट धरून. तिने नमस्कार म्हटलं. दुसऱ्याचं नाव आपलं म्हणून सांगितलं. आवाज एकदाही हलला नाही. ताई शेवटपर्यंत पाहत राहिल्या.

“माझ्यापेक्षा बरं बोलली होतीस,” त्या म्हणाल्या, आणि मग दोघीही रडायला लागल्या. हवालदार दार लोटून बाहेर गेला.

साहेबांचा फोन गाडीतच आला. “चोर सापडला?”

“चोरी झालीच नव्हती, साहेब. कॅसेट दुसऱ्या डब्यात गेली होती.”

“एवढंच? मग दिवसभर काय करत होतात?”

बाई धक्का मारायला खाली उतरल्या. गाडी पुन्हा बंद पडली होती.

शनिवारी संध्याकाळी चौकीतला टीव्ही लावून ठेवला होता. बेपत्ता म्हाताऱ्याचा मुलगा समोर बसून त्याच त्या प्रश्नांची उत्तरं देत होता आणि निरीक्षक बाईंचं निम्मं लक्ष पडद्याकडे होतं. सहाला तिथे टेबल दिसलं. त्यामागे दोन खुर्च्या होत्या आणि दोन म्हाताऱ्या. संचालक कुठेही दिसत नव्हते.

कॅसेटबाईंनी नमस्कार म्हटलं आणि आपलं नाव सांगितलं. मग त्यांनी ताईंकडे पाहिलं.

ताईंपुढे कागद नव्हता. त्या सरळ कॅमेऱ्यात बघून म्हणाल्या, “चाळीस वर्षांपूर्वी, बरोबर या वेळी, मी इथे नव्हते.”