उपदेशात उचललेलं गाणं

आमच्या सॉल्टपाँड गावच्या ख्रिस्ती देवळात उपदेश एकट्या पाळकाचा नसतो. ते बोलत असतात आणि बाकांमधून एखादी बाई उठून मध्येच गाणं उचलते. आमच्या फांटी भाषेतलं, कुठे लिहून न ठेवलेलं. पाळकांनी थांबायचं, मंडळीने धृपद धरायचं. गाणं संपलं की पाळक पुढे बोलतात, आणि तेच शब्द आधीपेक्षा खोल उतरतात. चाळीस वर्षं मी ते गाणं उचलते आहे. धृपदाला पुरुषांच्या बाकांवरून पहिला आवाज माझ्या नवऱ्याचा असायचा, एबो एशुन मास्तरांचा. खर्जातला, आणि नेहमी अर्धी मात्रा मागे.

“मास्तर, तुमची बस कायम चुकते,” मी म्हणायची.

“तू घाई करतेस, आराबा. देव कुठे पळून चाललाय?”

मास्तर फ्रीमेसनही होते, बंद दाराआड विधी करणाऱ्या गुप्त बंधुमंडळाचे सभासद. दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी काळा सूट घालून, हातात चपटी चामडी पेटी घेऊन बाहेर पडायचे. पेटीत कोकराच्या कातड्याचा पांढरा एप्रन असतो, एवढंच तीस वर्षांत मला कळलं. आजारपणाच्या सातव्या महिन्यात मात्र त्यांनी बायबलवर हात ठेवला.

“सोडलं मी ते. मला देवळातून ने. आणि त्यांना माझ्यावर दार लावू देऊ नकोस.”

मी त्याच दिवशी पेटी ट्रंकेत टाकून कुलूप लावलं. किल्ली कमरेच्या कापडात बांधली, ती आंघोळीलासुद्धा सोडली नाही.

ते गेल्यावर आमचे पाळक, ओसोफो आकॉन, घरी आले. तरुण माणूस, मला गावासारखंच ‘मामे’, म्हणजे आई, म्हणणारा; पण तोलून बोलणारा.

“जिथल्या प्रार्थनेत येशूचं नाव घ्यायचं नाही, तिथे माझ्या मंडळीतला माणूस कुणापुढे गुडघे टेकतो, मामे? त्या लोकांचा हात प्रेताला लागला तर मी देवळात घेणार नाही. नाही लागला, तर मास्तरांनी ते सोडलं हे उपदेशात सगळ्यांसमोर सांगेन. तुमच्या शब्दावर.”

“माझ्या शब्दावर,” मी म्हणाले.

शनिवारी सकाळी मी आणि माझी नणंद एफुवा, दोघींनी मास्तरांना लिंबाच्या पाण्याने अंघोळ घातली. अंग इतकं झडलं होतं, की पँट दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं दुमडावी लागली. बैठकीच्या खोलीत पितळी पलंगावर ठेवलं. दार मिटू नये म्हणून फुफूचे कंद कांडायचं लाकडी उखळ टेकवलं. ते हलवायला दोन गडी लागतात.

नऊच्या सुमारास मेसन आले. सात जण, अंगणातल्या खुर्च्यांवर टोप्या मांडीवर घेऊन बसले. त्यांच्यातले औषधवाले बिनी पुढे आले.

“मामे आराबा, दहा मिनिटं. दार लावून. तेवढा त्यांचा हक्क आहे.”

“त्यांनी सोडलं होतं.”

“असं तुम्हाला म्हणाले?”

“बायबलवर हात ठेवून.”

“बायबल आमच्याही मेजावर उघडं असतं, मामे.”

“ते उघडं, मग दार का बंद?”

बिनी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. “सोडून गेलेल्याकडे आम्ही येत नाही. मास्तरांनी बोलावलंय.”

ते परत खुर्चीवर जाऊन बसले. एफुवा पुटपुटली, “मेल्यावरसुद्धा हजेरी घेतात मेले.”

हात धुवायला आम्ही दोघी ओट्यापर्यंत गेलो, पाच-सहा पावलं. मागे जमिनीवर लाकूड घासल्याचा आवाज आला. वळलो तर दार बंद.

मी धक्का दिला. आत कुणीतरी पाठ लावून उभं असावं तसं ते दार लागलं हाताला. आतून टकटक आली. सावकाश. तीनदा.

मग दार आपलं आपण आत गेलं.

उखळ जागच्या जागी होतं. मास्तर पलंगावर होते, हात छातीवर, जसे मी ठेवले होते. अंगणात सातही जण आपापल्या खुर्चीत होते. फक्त आता ते पांढरे हातमोजे काढत होते. येताना त्यांच्या हातांत मोजे नव्हते. मी पाहिलं होतं.

“ओसोफोंना सांगायचं?” एफुवाने विचारलं.

“काय सांगणार? दार लागलं म्हणून?”

मी शवपेटी आत आणायला सांगितली.

अंत्यविधीला सातही जण देवळाच्या पायऱ्यांखालीच थांबले, ओसोफोंच्या अटीप्रमाणे. मास्तरांची बाकावरची जागा रीतीप्रमाणे मोकळी ठेवली होती. ओसोफो बायबलातल्या मेंढवाड्याच्या दाराविषयी बोलत होते. चांगलं बोलत होते. माझे डोळे मात्र शवपेटीवर.

“आणि या आमच्या भावाने,” ओसोफो म्हणाले, “मरणाआधी—”

पुढचं वाक्य माझं होतं. माझ्या शब्दावर ते बोलणार होते. खोटं असेल तर व्यासपीठावरून, मास्तरांच्या शवपेटीवर बोललं जाणार होतं.

मी उभी राहिले आणि गाणं उचललं.

ओसोफो थांबले. थांबावंच लागतं.

मंडळीने धृपद धरलं. बायकांचा आवाज, पुरुषांचा आवाज, आणि त्याखाली एक खर्जातला.

अर्धी मात्रा मागे.

पुरुषांच्या बाकांवरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एफुवाने माझं मनगट धरलं.

मी शेवटचा सूर सोडला. मंडळी थांबली.

तो आवाज थांबला नाही. त्याने आपली अर्धी मात्रा पुरी केली, मग थांबला.

ओसोफोंचा हात अजून वर होता. त्यांनी हातातला कागद घडी करून खिशात ठेवला आणि सरळ आशीर्वाद दिला. ते वाक्य राहिलं.

रविवारी उपकारस्तुतीच्या उपासनेनंतर बिनी चामडी पेटी न्यायला आले. एप्रन परत जातो, अशी त्यांची रीत.

“उघडून बघायची गरज नाही, मामे.”

मी कमरेची किल्ली सोडली, कुलूप काढलं, पेटी उघडली. लिंबाचा वास आला. एप्रन ओलसर होता, आणि त्याच्या कमरेच्या नाड्यांना गाठ मारलेली होती. मी त्या अरुंद फेऱ्यातून हात फिरवला.

ती कंबर मी आदल्या दिवशीच धुतली होती.