मोहमुना बीबी बऱ्या आहेत

ग्रॅहम यांनी टेबलावर साबणाच्या वडीएवढं पांढरं यंत्र ठेवलं आणि रेहेनाने त्यांच्यासमोर गुळाच्या तळलेल्या हांदेशांची बशी ठेवली. उत्तर इंग्लंडमधल्या त्या गिरणगावात नगरपालिकेचा माणूस बांगलादेशातल्या सिल्हेटहून आलेल्या घरात आला, की हांदेश खाल्ल्याशिवाय त्याची सुटका नसे.

ग्रॅहम सामाजिक सेवा विभागातले. रेहेनाच्या सासूबाईंना, बहात्तर वर्षांच्या मोहमुना बीबींना, घरी मदतनीस लागतो का, हे त्यांना ठरवायचं होतं. बीबींना इंग्रजी येत नव्हतं. आधीच्या दुभाषायंत्राला ढाक्याची बांगला कळायची, सिल्हेटी बोली मात्र त्याच्या डोक्यावरून जायची. बीबींनी त्याच्यामार्फत फोनवर छातीत जळजळ होत असल्याचं कळवलं, तर दहाव्या मिनिटाला दारात आगीचा बंब उभा!

"हा आशयदुभाषा," ग्रॅहम रेहेनाला म्हणाले. "शब्दांवर विसंबत नाही. आवाजातला कंप, श्वास, चेहरा, सगळं मोजतो आणि माणसाला काय म्हणायचंय ते सांगतो."

रेहेनाने सासूबाईंना एवढंच सांगितलं, "अम्मा, हा तुमचं बोलणं साहेबांना सांगणार."

ग्रॅहमनी बटण दाबून तब्येत विचारली. बीबींनी गुडघा दाबत न्हाणीघराकडे चोरून पाहिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि चाळीस वर्षं प्रत्येक डॉक्टरला दिलेलं उत्तर दिलं, "अल्लाच्या कृपेने बरी आहे."

यंत्र इंग्रजीत बोलू लागलं, ते थांबेचना. "गुडघे फार दुखतात. न्हाणीघराचा विषय निघेल म्हणून घाबरल्या आहेत, बहुधा तिथे पडल्या असाव्यात. ही गोष्ट सुनेपासून लपवत आहेत."

रेहेनाने हातातली किटली खाली ठेवली. "अम्मा! कधी पडलात?"

"अगं, मी दोन शब्द बोलले," बीबी चिडल्या. "हा मेला एवढं काय बरळतोय?"

ग्रॅहमनी घाईघाईने विषय आवरला. "काळजी करू नका. अर्जाचा विचार लवकरच होईल."

आता यंत्राने सिल्हेटी सुरू केली. "'लवकरच' म्हणजे वर्षभर तरी नाही. हे सांगताना साहेबांना लाज वाटते आहे. बशीतला तिसरा हांदेश उचलावा की नाही, याचाही विचार चालला आहे."

बीबी खळखळून हसल्या. आजवर कुठल्याच साहेबाच्या मनातलं त्यांना इतकं स्वच्छ समजलं नव्हतं. त्यांनी बशीच साहेबांच्या मांडीवर ठेवली. ग्रॅहम कानापर्यंत लाल झाले.

खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण फॉर्मवर एक रकाना उरला होता. त्यांनी रेहेनाला विचारलं, "सासूबाईंचं सगळं तुम्हीच करता. जमतं ना?"

"काहीच त्रास नाही," रेहेना इंग्रजीत म्हणाली. "आमच्यात घरचंच माणूस बघतं."

यंत्राने बीबींसाठी सिल्हेटीत सांगितलं. "हिला झोप पुरत नाही. पाठ धरली आहे. मदत मागितली तर लोक वाईट सून म्हणतील, याची भीती आहे. सासूवर राग नाही. थकली आहे."

रेहेना खिडकीबाहेर पाहत राहिली. बीबी तिच्याकडे पाहत होत्या. याच पोरीने आज पहाटे उठून त्यांचे पाय चेपले होते, आणि त्यांनी साधं "पुरे" म्हटलं नव्हतं.

बीबी ताठ बसल्या. "साहेब, लिहा. न्हाणीघरात धरायला दांडी पाहिजे. आठवड्यातून तीनदा अंघोळीला बाई पाहिजे. आमची बोली येणारी, नाहीतर ती मला पुसायच्या ऐवजी तळून काढेल. आणि ती असेल तेव्हा माझी सून झोपेल. वर्षभर थांबणार नाही. पडले होते, तेही लिहा."

यंत्राने यातला शब्द न् शब्द जसाच्या तसा सांगितला. पदरचं काहीही घातलं नाही.

ग्रॅहमनी अर्जावर 'तातडीचा' असा शिक्का उमटवला आणि यंत्र बंद करायला हात पुढे केला. बीबींनी त्यांचं मनगट धरलं.

"एक विचारायचं राहिलं. दोघांच्या भाषा वेगळ्या असल्या, तर हा बोलतो," त्या म्हणाल्या. "आम्ही दोघी बारा वर्षं एकाच भाषेत बोलतोय. आमच्यासाठी काही निघालंय का?"