दहा तारखेची सकाळ

लिफ्टचं दार मिटेना, कारण त्यात एका ढेरपोट्या, अजस्र गिटारचं पोट अडकलं होतं. त्यामागे एक मुलगा होता – घामाघूम आणि ओशाळलेला.

"गितार्रोन?" मारिसेलाचा आवाज चिरकलाच. "वाजवता येतं, की नुसतं मिरवायला?"

"वाजवतो… पण लिफ्टमध्ये नाही."

सॅन अँटोनिओच्या त्या कॉलेजात मारिसेलाने सहा जण जमवून मारियाची, म्हणजे मेक्सिकन लोकसंगीताचा, गट काढला होता. सगळ्यांच्याच घरांत आजोळची गाणी इंग्रजीखाली दबत चालली होती, आणि ते तिला खुपत होतं. व्हायोलिनं होती, ट्रम्पेट होता, खर्ज तेवढा नव्हता. तो फाबियानच्या रूपाने लिफ्टमधून सरळ तालमीला आला आणि आठवड्याभरात तिचं व्हायोलिन भलत्याच ठिकाणी चुकायला लागलं.

"माझ्याकडे बघू नकोस," ती एकदा वैतागली.

"गज बघतो तुझा. ताल धरायला."

"गज हातात आहे. तू तोंडाकडे बघतोस."

"वाटेत लागतं," तो शांतपणे म्हणाला.

एप्रिलमध्ये त्याने एकच गोष्ट मागितली. मातृदिनी पहाटे सगळ्यांनी त्याच्या आईच्या खिडकीखाली गायचं. मेक्सिकोतलं हालिस्को सोडल्यापासून दहा वर्षांत तिच्यासाठी कुणी गायलं नव्हतं. मारिसेलाने लगेच दिवस लिहून घेतला, सगळ्यांना कळवलाही.

शुक्रवारी सकाळी सहाला तिचा फोन वाजला.

"कुठे आहात तुम्ही?" फाबियान कुजबुजत होता. "आई उठेल आता."

"आज? मातृदिन रविवारी आहे ना…"

"मारिसेला, आज दहा मे आहे."

मेक्सिकोत आईचा दिवस दहा मे, मग वार कुठलाही असो. आणि टेक्सासात जन्मलेल्या तिने डोळे झाकून इथला रविवार लिहिला होता. म्हणे मुळं जपणार! त्याचं एकुलतं एक मागणं तिने मातीत घातलं होतं. तो आता आपल्याशी बोललाच नाही तर… या विचाराने तिला रडूच फुटलं. बाकीच्यांचे फोन बंद. तिने झोपायच्या पायजम्यावरच चांदीच्या गुंड्यांचं जाकीट चढवलं, व्हायोलिन उचललं आणि त्याच्या घराकडे धावत सुटली. तो खिडकीखाली गितार्रोन घेऊन उभा होता.

"फाबियान, मी –"

"नंतर. सूर लाव."

दोघांनीच वाजवलं, दोघांनीच गायलं. वरची खिडकी उघडली. आई चौकटीला टेकून ऐकत राहिली आणि गाणं संपलं तेव्हा तिचे गाल ओले होते.

"दोघंच?"

"चूक माझी," मारिसेला पुटपुटली. "बाकीचे रविवारी येतील."

"रविवारी कशाला? तो इथल्या आयांचा." आई हसली. "तू आलीस ना पोरी. वर या, मक्याचे तामाले गरम करते."

जिन्यात मारिसेला थांबली. "रागावलायस?"

"होतो. तू कोपऱ्यावरून पळत येताना दिसलीस, तोवर."

"फाबियान… मला तू आवडतोस. खूप."

गितार्रोन कठड्यावर दाणकन आपटलं. त्याचं लक्षच नव्हतं.

"मग तुझ्या खिडकीखाली कधी येऊ?"

"एकटा? नुसता खर्ज? शेजारी पोलीस बोलावतील."

"व्हायोलिन तू खिडकीतून वाजव."

तिने नाही म्हणायला तोंड उघडलं… आणि "शनिवारी ये," असं म्हणून बसली.

"शनिवार म्हणजे उद्याच."

"हो," ती म्हणाली. "या खेपेला मला माहीत आहे."