चूकमात्रा

रणधीर मोरबाळेच्या डाव्या घोट्यावर, मोज्याच्या आत, बोटभर रुंदीची एक पट्टी असायची. ती एकदा थरथरली की पास नीट द्यायचा. दोनदा थरथरली की बिघडवायचा. बिघडवायचा म्हणजे ढळढळीत नव्हे, बरं का. चेंडू वीतभर मागं ठेवायचा, नाहीतर जरासा उसळता सोडायचा, नाहीतर उजव्या पायावर हवा असेल तर डाव्यावर द्यायचा. गॅलरीत बसलेल्यांना वाटलं पाहिजे की पास झकास होता, पुढच्या पोरालाच घेता आला नाही. आणि मुख्य म्हणजे त्या पोरालाही तसंच वाटलं पाहिजे.

ते पोर म्हणजे ग्लेन तुस्कानो. वसईचा, एकोणीस वर्षांचा स्ट्रायकर. मुंबईच्या अपरांत क्लबनं त्याला एका हंगामासाठी कोल्हापूरच्या बुरुज गल्ली तालमीच्या फुटबॉल संघाकडं लोनवर पाठवलं होतं. त्या दुपारी तो बचावफळीतून असा काही सुटला की समोर फक्त गोलकीपर उरला. रणधीरनं उजव्या बगलेतून मान वर केली, पाय मागं घेतला, आणि घोट्यावर दोन ठोके पडले. चेंडू वीतभर मागं गेला. ग्लेननं अंग मुरडून टाच लावायचा प्रयत्न केला, पण चेंडू नडगीला लागून बाहेर गेला. गॅलरीनं शिव्यांची लाखोली वाहिली. उसना गडी तो उसनाच, बसवा याला एसटीत, असं बरंच काही. ग्लेन धापा टाकत परत आला आणि म्हणाला, "सॉरी दादा, माझा टच चुकला."

रणधीरनं नुसती त्याच्या पाठीवर थाप मारली. खरं काय ते सांगायचं नाही, असंच ठरलं होतं.

आता खेळाडू लोनवर देणं ही काही नवी रीत नव्हे. मोठ्या क्लबात कोवळ्या पोराला कोण खेळवणार? मग त्याला लहान संघाकडं हंगामभर उसना द्यायचा, तिथं त्यानं धडपडावं, पडावं, चार गोष्टी शिकून परत यावं. पूर्वी हे सगळं नशिबावर सोडलेलं असायचं. कुणी घडून यायचा, कुणी वाया जाऊन यायचा. पण ग्लेनच्या काळात मोठे क्लब नशिबावर काही सोडायला तयार नव्हते. ते खेळाडूबरोबर त्याची चूकमात्राही पाठवायचे.

चूकमात्रा म्हणजे काय, ते सांगायला अपरांतच्या डॉ. शलाका उपाध्ये स्वतः तालमीच्या माडीवर आल्या होत्या. खाली कुस्तीच्या हौद्यात दोन पैलवान घुमत होते आणि वर अध्यक्ष आप्पा कपबशी हातात धरून, सगळं कळतंय अशा चेहऱ्यानं मान हलवत होते. रणधीरला मात्र काही कळलं नव्हतं आणि त्यानं तसं सांगून टाकलं. बाई हसल्या. जिना उतरताना पायऱ्या मोजता का, असं त्यांनी विचारलं. छे, तो म्हणाला. मग जिना संपला असं वाटलं आणि आणखी एक पायरी निघाली तर?

"तोंडावर आपटतो माणूस."

"कारण मेंदूनं अंदाज बांधलेला असतो. तो चुकला की मेंदू खडबडून जागा होतो आणि आतली जोडणी बदलतो. शिकणं म्हणजे तेवढंच, रणधीर. अंदाज कधीच चुकला नाही तर मेंदू झोपून राहतो. सारखाच चुकायला लागला तर हात टेकतो. मधे एक अरुंद जागा आहे, तिथं तो सगळ्यात वेगानं शिकतो. आज ग्लेनला किती चुका हव्यात, ते खेळताना त्याच्या कपाळाला आमचा जो पट्टा असतो, त्यातून आम्हाला कळतं. मैदान काही मोजून चुका देत नाही. त्या तुम्ही द्यायच्या, घोट्यावरची ही पट्टी सांगेल तेव्हा."

रणधीरला हे पटलं, नाही असं नाही. पण मग त्याला सांगून टाका की सरळ, तो म्हणाला. आम्ही वाकडे पास देतो, तू शिक.

"तिथंच तर गोम आहे," बाई म्हणाल्या. "चूक दुसऱ्याची आहे असं कळलं की मेंदू स्वतःत काही बदलत नाही. चूक आपली वाटली पाहिजे. हंगाम संपला की आम्ही त्याला सगळं सांगू, तसा नियमच आहे. तोवर नाही."

आप्पांनी चहा निवायच्या आत होकार दिला. बुरुज गल्लीत चषक येऊन इतकी वर्षं झाली होती की तो उचलणाऱ्या पोरांना आता नातवंडं होती. असला स्ट्रायकर फुकटात दारात आलेला, आणि अट काय, तर अधूनमधून पास जरा वाकडा द्यायचा. आप्पांच्या मते त्यांचे निम्मे खेळाडू हे न सांगताही करत होते.

ग्लेन राहायला रणधीरच्या घरी आला, वरच्या खोलीत. पहिल्या आठवड्यातला ग्लेन म्हणजे काय विचारता. तोंडाचा पट्टा सतत चालू. गोल हुकला की दोन्ही हात पसरून सगळ्या जगाला जाब विचारायचा. मैदान खडबडीत, रेफरी आंधळा, चेंडूत हवा जास्त. एकदा रणधीरचा पास जरा सावकाश गेला, खरोखरच सावकाश गेला, तर हा सगळ्यांसमोर म्हणतो, "दादा, पास दिलास का कुरिअरनं पाठवलास?" सगळी तालीम खो खो हसली. रणधीरला राग यायला हवा होता, पण त्यालाही हसू आलं, आणि तिथंच ते पोर त्याला आवडायला लागलं.

संध्याकाळी दोघं दूध कट्ट्यावर जायचे. म्हशीची धार समोर काढायची आणि तसाच फेसाळता, कोमट पेला तोंडाला लावायचा, ही कोल्हापूरची चैन. पहिल्या दिवशी ग्लेननं नाक मुरडलं. दुसऱ्या दिवशी दोन पेले प्याला आणि वसईला फोन करून आईला सांगितलं की इथली माणसं वेडी आहेत, पण दूध एक नंबर आहे. रणधीरच्या आईनं तर त्याला आठवडाभरात लेकरूच करून टाकलं.

मग पट्टी थरथरायला लागली.

चूकमात्रा कामाला आली हे कबूल करायलाच हवं. दोन महिन्यांत ग्लेन ओळखू येईनासा झाला. मागं पडलेला चेंडू पुढं ओढून घ्यायला शिकला. उसळता चेंडू छातीवर निजवायला शिकला. पास वाकडा येणारच असं धरून तो आधीच अर्धं पाऊल तयार असायचा, त्यामुळं सरळ पास आला की बचाववाल्यांची दाणादाण उडायची. गोलांमागून गोल व्हायला लागले. ज्या गॅलरीनं त्याला एसटीत बसवलं होतं, ती आता त्याच्या नावानं हलगी कडाडवायला लागली. वर्तमानपत्रात फोटो आला तेव्हा रणधीरच्या आईनं तो देव्हाऱ्याशेजारी लावला.

आणि पोर गप्प झालं. आधी रणधीरला वाटलं, जबाबदारी आली, शहाणं झालं. पण एका संध्याकाळी कट्ट्यावर दूधवाल्याच्या हातून पेला निसटून फुटला आणि ग्लेन चटकन खाली बसून काचा गोळा करायला लागला. सॉरी काका, माझ्यामुळं. दूधवाला बघतच राहिला. पोर चांगलं दहा पावलं लांब उभं होतं. त्याच आठवड्यात घरी आमटी खारट झाली, तर म्हणाला, मीच सारखा बोलत होतो, मावशीचं लक्ष माझ्यामुळं उडालं. खरं तर तो जेवताना हल्ली एक अक्षर बोलत नव्हता.

रणधीरनं डॉ. उपाध्येंना बोलावून घेतलं. दोघं तालमीच्या माडीवर बसले. रणधीरनं पेल्याचं सांगितलं, आमटीचं सांगितलं. चेंडूची चूक आपली मानायची होती, तो म्हणाला, हा तर जगातली प्रत्येक चूक अंगावर घ्यायला लागलाय.

बाईंनी ते सगळं वहीत लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "आम्हाला वाटलं होतं, फुटबॉलचं शिकणं फुटबॉलपुरतं राहील. मेंदू तसे कप्पे करत नसावा."

"मग थांबवूया."

"थांबवता येईल. पट्टी काढून ठेवा, कुणी तुमचा हात धरणार नाही. पण आता त्याची प्रगती थांबली तर अपरांत त्याला परत घेणार नाही, आणि एकदा सोडून दिलेल्या पोराला दुसरा मोठा क्लब सहसा विचारत नाही. हे मी तुम्हाला धाक घालायला सांगत नाहीये. मलाही कळत नाहीये काय बरोबर ते."

एकोणिसाव्या वर्षी रणधीरही एका मोठ्या क्लबात जाऊन आला होता. महिन्याभरात त्यांनी परत पाठवलं. तेव्हापासून आजवर तो सांगत आला होता की कोचनं डावललं, गुडघ्यानं दगा दिला, मैदान ओलं होतं. एकदाही आपला पाय कमी पडला असं त्याच्या तोंडून निघालं नव्हतं, आणि म्हणूनच तो होता तिथंच राहिला, असं त्याला आता वाटायला लागलं होतं. या पोराचं तसं होऊ नये. मोठा झाला की होईल आपोआप नीट, अशी त्यानं मनाची समजूत घातली. शिवाय चषक होता. ते कारण त्यानं बाईंना सांगितलं नाही, पण होतं, आणि चांगलं मोठं होतं. त्यानं पट्टी काढली नाही.

अंतिम सामन्याला स्टेडियम खचाखच भरलं होतं. खेळ संपत आला तरी बरोबरी. रणधीर बगलेतून सुटला, ग्लेन मधून धावला, आणि घोट्यावर दोन ठोके पडले. रणधीरनं त्या क्षणी पहिल्यांदा ते ऐकलं नाही. इतका सुरेख पास त्याच्या पायातून जन्मात गेला नव्हता. ग्लेननं चेंडू नुसता वळवला, गोल झाला, आणि बुरुज गल्ली वेडी झाली. आप्पा लहान मुलासारखे रडले. पोरांनी ग्लेनला खांद्यावर घेतलं. तो खाली वाकून रणधीरच्या कानात म्हणाला, "आज कुठं मला तुझा पास नीट घेता आला, दादा. वर्षभर तुला किती छळलं मी."

चषक मिरवून झाला, गुलाल धुऊन झाला, आणि नियमाप्रमाणं सांगायचा दिवस आला. अपरांतनं ग्लेनला पाच वर्षांसाठी घेतलं होतं. डॉ. उपाध्येंनी रणधीरच्या घरीच, पुढच्या सोप्यात बसून, काहीही न लपवता सगळं सांगितलं. पट्टीही त्याच्या हातात दिली. रणधीर भिंतीला टेकून उभा होता. पोर अंगावर येईल, थोबाडीत देईल, निदान आईवरून शिवी तरी देईल, आणि मग आपण मोकळे होऊ, अशी त्यानं रात्रभर तयारी केली होती. ग्लेननं शांतपणे ऐकलं, दोन-चार प्रश्न विचारले, पट्टी परत दिली आणि बूट भरायला वर निघून गेला.

रणधीर मागोमाग वर गेला. ग्लेन बुटांची माती पुसत होता.

"तुला माझ्यापायी केवढं करावं लागलं," तो म्हणाला. "मी आधीच नीट शिकलो असतो तर तुला तुझे पास खराब करावे लागले नसते. सॉरी, दादा."

रणधीर तसाच खाली आला. खरं कळल्यावर तो बरा होणार होता ना, असं त्यानं बाईंना विचारलं. त्याचा आवाज चढला होता. बाईंनी चष्मा काढून हातात घेतला होता. त्या म्हणाल्या की त्यांचाही तोच भरवसा होता. "पण खरं ऐकणारा मेंदूही तोच आहे, रणधीर. आपण घडवलेला. त्यात जे जाईल ते त्याच वाटेनं जाणार."

"मग उलटं फिरवा की. दुसरी काहीतरी मात्रा द्या."

"आधीचा ग्लेन आम्ही कुठं ठेवलेला नाहीये," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्याचा आता कुणाला उपयोग नव्हता.

रणधीर पुन्हा जिना चढला. त्यानं ठरवलं, यातलं काही गोड करून सांगायचं नाही. ज्यावर कुठलाही माणूस चिडेल तेच सांगायचं. एकदा, फक्त एकदा जरी ते पोर त्याच्यावर ओरडलं असतं, तरी त्याला देव भेटल्यासारखं झालं असतं.

"ऐक मर्दा," तो म्हणाला. "बाईंनी मला मधेच सांगितलं होतं, थांबवता येईल म्हणून. मला दिसत होतं तुझं काय होतंय ते. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर होत होतं. तरी मी थांबलो नाही. मला चषक पाहिजे होता. तुझ्या चांगल्यासाठी वगैरे नंतर. आधी चषक. मी तुझा विश्वासघात केला, ग्लेन. समजून उमजून केला."

ग्लेनच्या हातातला बूट थांबला. कपाळावर आठी पडली, आणि क्षणभर रणधीरला वाटलं, आला, राग आला. पोर खरोखरच विचार करत होतं. एखादा हुकलेला गोल मनात पुन्हा पुन्हा खेळून बघावा तसं ते सगळं वर्ष आठवून बघत होतं.

"मग मी तुझ्याशी कुठंतरी वाईट वागलो असणार," तो शेवटी म्हणाला. "नाहीतर तू असं केलं नसतंस. कुठं ते सांग ना, दादा. म्हणजे परत नाही होणार."